सहा जणांचा संघ आणि आमची चाळ

आमच्या घरात बहिरं नेमकं कोण, यावरून आई कायम कुरकुरत असे. माझे कान मी पाच वर्षांची असताना तापात गेले, ते पुरतेच गेले. बाबांचे साळखात्यात गेले, पण सावकाश, एकेका पाळीला थोडे थोडे. "दोघांना हाका मारून मारून माझा घसा गेला," असं आई म्हणायची. तिचे बिचारीचे कान शाबूत होते, म्हणून चाळीतलं सगळं तिलाच ऐकून घ्यावं लागे.

साळखातं म्हणजे गिरणीतला कापड विणण्याचा विभाग. तिथे शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम धडधडत असतात आणि शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. त्यामुळे तिथली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. ताण्याचा धागा तुटला, मुकादम येतोय, चहाला चल, तुझ्या बायकोचं काय झालं, सगळं हातांनी. ही भाषा बाबांनी मला घरी शिकवली. दादरच्या मूकबधिर शाळेत बाई आम्हाला हात मागे बांधून ओठांवरून शिकवायच्या, हातवारे केले की पट्टी बसायची. घरी आले की बाबा आणि मी जेवताना हातांनी इतक्या गप्पा मारायचो की आई ओरडायची, "अगो, जेवा आधी, भात निवतो!" हात गुंतलेले असले की घास कसा उचलणार?

चाळीत ही भाषा येणारे आणखीही होते, पण बाबांची खरी जोडी शेवटच्या खोलीतल्या काकांशी. गिरणीत त्यांचे साचे समोरासमोर होते. घरी आल्यावरही ते गॅलरीच्या दोन टोकांना उभे राहून हातांनीच बोलायचे. येणारा-जाणारा हसायचा. काकांची बायको, आम्ही तिला मावशी म्हणायचो, रोज सकाळी माझ्यासाठी भिजवलेले चणे वाटीत ठेवायची, कारण मी धावायचे. तिला मूलबाळ नव्हतं. माझ्याशी बोलताना ती न चुकता उजेडात येऊन उभी राहायची, म्हणजे मला तिचे ओठ दिसतील. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

धावण्याचं वेड शाळेतल्या सरांनी लावलं. भोईवाड्याकडच्या एका मैदानात मी सराव करायची आणि बाबा पहिली पाळी संपवून तिथे यायचे. शिट्टीचा उपयोग नाही, म्हणून ते कडेला उभे राहून हात वर धरायचे आणि साचा चालू करायची साळखात्यातली खूण करायचे, तळवा झटक्यात पुढे. तो तळवा हलला की मी सुटायची. ही खूण माझ्या पायांत इतकी मुरली होती की रस्त्यात कुणी बस थांबवायला हात दाखवला तरी माझी पोटरी ताठ व्हायची.

मग संप सुरू झाला. भोंगे बंद झाल्याचं मला आईकडे बघून कळलं. ती पहाटे उठून तशीच बसून राहायची, आता स्टोव्ह पेटवायचा की नाही ते न कळल्यासारखी. तिची खानावळ होती, जेवायला येणारे सगळे गिरणीतले एकटे पुरुष. महिन्या-दोन महिन्यांत ते गावाला निघून गेले आणि आमच्या घरातली मोठी पातेली पालथी पडली. बाबा मात्र पक्के संपवाले. सभांना जायचे. त्यांना भाषण ऐकू यायचं नाही. काका शेजारी उभे राहून हातांनी सांगायचे आणि सगळ्यांचे हात वर गेले की बाबांचाही जायचा. घरी येऊन मला सांगायचे, चालू ठेवायचं ठरलंय.

संपाला वर्ष होत आलं असताना माझी निवड झाली. ऐकू न येणाऱ्यांचेही जागतिक खेळ असतात, त्यांतही देशांचे संघ येतात, झेंडे असतात, हे तोवर मलाच माहीत नव्हतं, तर चाळीला कुठून असणार? भारताचा संघ सहा जणांचा. दोन पैलवान, एक लांब उडी मारणारा, आम्ही तिघं धावणारे. आणि एक मॅनेजर, त्याला मात्र उत्तम ऐकू येत होतं. कोट प्रत्येकाने स्वतः शिवून आणायचा होता, रंग निळा. कुठला निळा ते कुणी सांगितलं नाही, म्हणून सहा जणांचे सहा निळे झाले. आणि प्रवासाचा अर्धा खर्च ज्याचा त्याने करायचा. आई म्हणाली, "संघ भारताचा आणि भाडं आम्ही भरायचं? मग आमच्याच नावाने धावू दे की तिला."

चाळीने उपाशीपोटी वर्गणी काढली. त्यातून बूट आले, कोटाचं कापड आलं. पुढे काही येण्यासारखं कुणाच्या घरी उरलंच नव्हतं. मी सरांना सांगून टाकलं, मी येत नाही. आठवडाभराने ते घरी आले आणि म्हणाले, "सोय झाली. तू फक्त धाव."

त्याच सुमारास बाबा घरातून गेले. गिरगावात, खोताच्या वाडीत, एका घराचं रंगकाम मिळालंय, तिथेच राहावं लागेल, असं त्यांनी मला सांगितलं. हातांनी नव्हे, तोंडाने सांगितलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, पण मी परदेशी जाणार म्हणून हवेत होते. मला ओठ वाचता येतात. ते ओठ खरं बोलतात की नाही, हे वाचायची विद्या वेगळी असते.

निघायच्या दिवशी सकाळी बाबा आले. खाली टॅक्सी उभी होती. मी निळा कोट घालून गॅलरीत आले आणि बघते तर सगळी चाळ बाहेर. तिन्ही मजल्यांवर माणसं, खाली चौकात माणसं, हात वर, तोंडं उघडलेली. मला इतकं भरून आलं की मी रडायलाच लागले. माझ्यासाठी! लोक विचारतात, तुला ओठ कळतात ना, मग तेव्हा कळलं कसं नाही? एकाच वेळी पन्नास तोंडं उघडली की मला एकही वाचता येत नाही. ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात. आनंदाने ओरडणारं तोंड आणि रागाने ओरडणारं तोंड लांबून सारखंच दिसतं. मी दोन्ही हात वर करून सगळ्यांना हलवून दाखवले.

आम्ही खाली आलो. गर्दीतून मावशी पुढे आली. तिने वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी बाबांच्या हातात ठेवलं. बाबा ते धरून उभे राहिले. मी कागद उलगडला. आत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. माहेरवाशीण निघाली की हातात चुडा भरतात, तसं मावशीने माझ्यासाठी आणलंय, असं मला वाटलं. मी त्या तिथेच मनगटात चढवल्या. जरा सैल होत्या. मग वाकून मावशीच्या पाया पडले.

उठून बघितलं तर सगळ्यांची तोंडं मिटलेली. मावशीचा हात माझ्या डोक्यापर्यंत आला होता, तो तिने मागे घेतला. आई टॅक्सीत आधीच जाऊन बसली होती आणि तिने पदर तोंडावर धरला होता. पोरगी लांब चालली म्हणून रडतेय, असा मी अर्थ लावला आणि तिची समजूत काढत विमानतळापर्यंत गेले. बाबा टॅक्सीत पुढे बसले होते. त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

खेळांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तिथे थंडी होती आणि आमच्यापैकी कोणाकडे स्वेटर नव्हता. उद्घाटनाच्या संचलनात आमच्या पुढच्या देशाची माणसं इतकी होती की त्यांची शेवटची रांग आत यायला वेळ लागला. मग आम्ही सहा जण आलो, सहा निळे, आणि मॅनेजर. इतर संघांकडे हातांनी समजावून सांगणारी माणसं होती. आमच्या मॅनेजरला एकही खूण येत नव्हती. तो आमच्याशी मोठ्याने बोलायचा. बहिऱ्यांच्या संघाशी मोठ्याने बोलणाऱ्या माणसाच्या हाती देशाने आम्हाला सोपवलं होतं.

लांब उडीची वेळ बदलली. ती मॅनेजरला सांगण्यात आली आणि मॅनेजर बाजारात गेला होता. आमचा गडी जेवून, अंग गरम करून मैदानावर पोचला तेव्हा वाळूचा खड्डा सारखा करून झाला होता. तो कोल्हापूरकडचा शेतमजुराचा मुलगा होता. त्या खड्ड्याच्या कडेला तो बसून राहिला आणि कितीही ओढलं तरी उठेना. संध्याकाळी मॅनेजर नवा थर्मास घेऊन आला आणि आम्हाला दाखवू लागला. मी त्याच्या हातातून तो घेऊन खिडकीबाहेर टाकला. त्याबद्दल पुढे माझ्याविरुद्ध तक्रार गेली, ती जावो.

माझी शर्यत चारशे मीटरची. खोलीतली माझी जोडीदारीण, कलकत्त्याची धावपटू, बांगड्यांकडे बोट दाखवून म्हणाली, काढ. मी मान हलवली. अख्ख्या चाळीने दिलेल्या बांगड्या मी बरी काढीन! शर्यत सुरू करायला तिथे प्रत्येकीच्या समोर जमिनीवर छोटा दिवा होता, तो पेटला की सुटायचं. मी असा दिवा जन्मात बघितला नव्हता. मी दिव्याकडे बघायचं सोडून कडेला उभ्या माणसाच्या हाताकडे बघत राहिले, तळवा कधी पुढे येतोय त्याची वाट बघत. बाकीच्या सुटल्या तेव्हा कुठे मी सुटले. धावताना एक बांगडी फुटून मनगटात गेली. आठात सातवी आले. दिवा वेळेवर दिसला असता तर पाचवी आले असते, पहिली काही आले नसते, हेही सांगून टाकते.

परत आले तेव्हा विमानतळावर एकटी आई होती. चाळीत कुणी पुढे आलं नाही. मला वाटलं, हरून आले म्हणून. वाळीत टाकतात तेव्हा काय करतात, तर बोलणं बंद करतात. आता माझ्याशी कुणी बोलणं बंद केलं तर मला कळायला वेळ लागणारच. पहिले काही दिवस मी खुशाल नळावर जात होते, गॅलरीत केस वाळवत होते. मग लक्षात आलं की मला कुणाचं तोंडच दिसत नाहीये. मी आले की माणसं पाठ फिरवतात, भिंतीकडे बघतात, दार लोटतात. ज्यांना कान असतात त्यांना पाठ फिरवलेल्या माणसाचंही ऐकू येतं. माझ्यासाठी पाठ म्हणजे संपलं सगळं. मावशी उजेडात उभी राहणारी, ती मला बघितलं की आत अंधारात जायची.

मी आईचे दोन्ही खांदे धरले आणि तिला दिव्याखाली उभं केलं. "काय झालंय? सांग."

तिने सांगितलं. गिरणीचा एक साहेब मुकादमाला घेऊन आला होता. पोरीचं भाडं गिरणी भरते, तू कामावर ये, असं म्हणाला. बाबा पोलिसांच्या गाडीतून गिरणीत गेले होते. आत गेलेल्यांना आतच ठेवायचे, जेवणं-झोपणं सगळं साळखात्याच्या पलीकडच्या गोदामात. रंगकाम वगैरे काही नव्हतं. त्या सकाळी लोक मला निरोप द्यायला नव्हते आले, बाबा बाहेर येणार हे कळून आले होते.

"आणि बांगड्या?" मी विचारलं.

"फुटिराला बांगड्या देतात, चेडवा. संपातून फुटलेल्या पुरुषाला."

हे मला खरंच माहीत नव्हतं. चाळीतल्या पोरासोरांना माहीत होतं, कारण त्यांनी ते ऐकलं होतं. माझ्यापर्यंत कुणी पोचवलं तेवढंच माझं जग होतं, आणि हे कुणी पोचवलं नव्हतं. मी उरलेल्या बांगड्या भिंतीवर फोडल्या. संताप बांगड्यांचा नव्हता. माझ्या नावावर माझ्या बापाने स्वतःला विकलं, सरांना ते माहीत होतं, आईला माहीत होतं, चाळीला माहीत होतं, आणि मी तेवढी खुळ्यासारखी हात हलवत होते. मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. बहिऱ्या माणसाचं काय करायचं ते नेहमी ऐकणारे ठरवतात, माझ्या बापानेही तेच केलं होतं.

पुढच्या रविवारी बाबा आले तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि हातांनी विचारलं, का सांगितलं नाहीत?

त्यांनी हात खिशातून काढले नाहीत. तोंडानेच म्हणाले, "सांगितलं असतं तर गेली असतीस गो?"

"नसते गेले."

"म्हणून."

मग त्यांनी विचारलं, कितवी आलीस? मी सातवी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि जेवायला बसले. जेवताना हातांचं बोलणं आमच्या घरात त्या दिवसापासून थांबलं. आईला आता भात निवतो म्हणून ओरडावं लागत नव्हतं.

संप कुणी मागे घेतलाच नाही. तो विरत गेला. ज्यांनी आमच्या दारात शेण टाकलं होतं तेही एकेक करून गिरणीच्या गेटवर उभे राहू लागले. काहींना आत घेतलं, पुष्कळांना नाही. पण आधी गेलेला आणि नंतर गेलेला यांत फरक राहिला. साळखात्यात सगळं बोलणं बघण्यावर चालतं, आणि बाबांकडे कुणी बघत नव्हतं. बाबा आठ तास साच्यांसमोर उभे राहायचे आणि त्यांना एकही शब्द मिळायचा नाही. इतकं बहिरेपण माझ्याही वाट्याला कधी आलं नाही.

काकांना गिरणीने परत घेतलं नाही. ते माटुंग्याला एका इमारतीत वॉचमन झाले. आमच्या खोल्यांमध्ये तेवढीच गॅलरी होती, तीच दोन टोकं होती, पण दोघे एकमेकांची पाळी बघून बाहेर यायचे, समोरासमोर गाठ पडू नये म्हणून. पुढे गिरणीही बंद पडली. ज्या नोकरीसाठी बाबांनी तोंड काळं केलं असं लोक म्हणत, ती नोकरीही गेली. मला दादरच्या त्याच शाळेत मुलांना खेळ शिकवायचं काम मिळालं. मावशी वारली तेव्हा मी गेले होते. तिचा चेहरा उजेडात होता. बाबा खोलीतच बसून राहिले.

बाबांच्या छातीत कापसाची धूळ बसली होती. शेवटी परळच्या एका इस्पितळात आणलं तेव्हा नाकाला नळी होती आणि बोलायला दम पुरत नव्हता. तिथे एका दुपारी काका आले. वॉचमनचाच गणवेश अंगावर होता, टोपी हातात. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. बाबांनी त्यांना बघितलं आणि डोळे मिटले. आमच्यासारख्यांनी डोळे मिटणं म्हणजे दार लावून घेणं असतं.

मग काका फिरून माझ्यासमोर आले, खिडकीच्या उजेडात, आणि ओठ नीट उघडत म्हणाले, "पोरी, तू त्या खेळांत कितवी आली होतीस?"

इतक्या वर्षांत चाळीतल्या कुणीही हे मला विचारलं नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. त्यांचे डोळे उघडे होते आणि माझ्या तोंडावर होते. समोर नाव घालवलेला बाप, नाकात नळी घातलेला, आणि मी सातवी म्हणू? माझ्या तोंडून सरळ निघून गेलं, "तिसरी. पदक मिळालं."

काकांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "मग चांगलं झालं," ते म्हणाले. "मग निदान..."

तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. बाबांनी सलाईनचा हात चादरीखालून ओढून काढला होता. मी धरायला धावले, त्यांनी मला दुसऱ्या हाताने बाजूला सारलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, काकांकडे बघत होते. आधी त्यांनी बोट आडवं फिरवलं. साळखात्यात त्याचा अर्थ एवढाच, माल खोटा. मग एका हाताची पाच बोटं वर केली आणि दुसऱ्या हाताची दोन.

काकांनी ती बोटं बघितली. टोपी काखेत धरली आणि आपले दोन्ही हात वर करून तोच आकडा बाबांना परत दाखवला, साळखात्यात समजलं म्हणून दाखवायचे तसा. बाबांनी डोळे मिटले नाहीत. मी स्टूल पुढे सरकवलं आणि काका बसले.